किंकाळी पुण्यात, आई नाशकात

गुरुवार, पंचवटी

पितृपक्षात कुणी हौसेने फिरायला निघत नाही. मी मुद्दाम हेच दिवस धरले. भयकथा मी शाळेत असल्यापासून वाचते आहे, आणि पुण्यात वाढल्यामुळे पहिली भुताची गोष्ट कुठली ऐकली हे सांगायलाच नको. शनिवारवाडा, पौर्णिमेची रात्र (कुणी अमावास्येची म्हणतं), आणि ‘काका, मला वाचवा!’ या गोष्टीचा उरलेला भाग नाशिकला आहे, हे फार उशिरा वाचनात आलं. ती हाक ज्यांची सांगतात त्या पेशवे नारायणरावांची आई गोपिकाबाई इथे राहिल्या आणि इथेच गेल्या. ज्यांच्या माथी तो खून कायमचा बसला त्या काकू आनंदीबाईंचे शेवटचे दिवसही इथेच, त्याच गोदावरीच्या काठी गेले. आमच्या लहानपणीच्या गोष्टीत या दोघींतली एक फक्त खलनायिका म्हणून यायची आणि दुसरी यायचीच नाही.

संगमनेर, सिन्नर करत एसटी दुपारी द्वारका सर्कलला पोचली. तिथून रिक्षाने पंचवटीत आत्याकडे. चहा होतो न होतो तोच आत्या म्हणाली, “पितरांचे दिवस आहेत, आलीस ते बरं केलंस. आधी गंगेवर जाऊन ये.” नाशिकचं माणूस गोदावरीला गोदावरी म्हणत नाही. गंगाच म्हणतं.

रामकुंडावर पाय ठेवायला जागा नव्हती. ओल्या फरशीवर केळीच्या पानांचे तुकडे, त्यावर पिंड, काळे तीळ, बोटात दर्भाचं पवित्रक घातलेले पुरुष आणि थोडं मागे उभ्या असलेल्या बायका. एका तरुणाच्या हातात लाल फडक्यात बांधलेलं मडकं होतं आणि ते पाण्यात सोडायला त्याचा हात होत नव्हता. गुरुजींनी एकदा सांगितलं, दोनदा सांगितलं, मग ते गप्प राहिले आणि त्याला वेळ दिला. या कुंडात अस्थी विरघळतात अशी श्रद्धा आहे, म्हणून महाराष्ट्रातून माणसं इथे येतात. कुंड 1696 मध्ये खटावच्या चित्रराव खटावकरांनी बांधलं. पुढे त्याची डागडुजी करवली ती गोपिकाबाईंनी. म्हणजे ज्या तरुणाचं भूत पुण्यात हाका मारतं असं आपण सांगतो, त्याच्याच आईने दुरुस्त करवलेल्या पायऱ्यांवर आज लोक आपापल्या मेलेल्यांना निरोप देतात. हे कळल्यावर मी बराच वेळ तिथून हललेच नाही.

आमच्या घराण्याचे तीर्थोपाध्याय आत्याला माहीत होते. त्यांच्याकडे वही बघायला गेलो. लांबट, कापडात गुंडाळलेली, कडा तपकिरी पडलेली. गाव आणि आडनाव सांगितलं की गुरुजी बरोबर तिथेच पान उघडतात. आधी मोडी, मग बाळबोध, मग निळ्या बॉलपेनचं लिखाण. माझ्या पणजोबांची सही सापडली. तिच्या वर त्यांनी लिहिलं होतं की वडील, धाकटा भाऊ आणि भावजय अशा तिघांचं कार्य करायला आलो. तिघं एकाच साली गेलेली. गुरुजी म्हणाले, “या पानांवर असं पुष्कळ दिसेल ताई. प्लेगची सालं आहेत ती.” 1899 मध्ये जवळच्या भगूरला सावरकर बंधूंचे वडील प्लेगनेच गेले. घरंच्या घरं रिकामी होऊन लोक रानात झोपड्या टाकून राहत होते, तो काळ. बंद पडलेला वाडा, आत कुणी जायचं नाही, गेलं तर परत येत नाही, ही आपल्याकडची ठरलेली गोष्ट कुठून आली असेल याचं निम्मं उत्तर मला त्या वहीत मिळालं. उंदीर मेलेल्या घरात खरोखरच जायचं नसायचं.

परत येताना सरदार चौकातून आले. 27 ऑगस्ट 2003, सिंहस्थातल्या शाही स्नानाचा दिवस. साधूंची मिरवणूक जायची म्हणून भाविकांना अडवून धरलेलं, गल्ली अरुंद, त्यातून उताराची. मिरवणुकीतून उधळलेली नाणी उचलायला लोक वाकले, असं तेव्हाच्या बातम्यांत होतं. मागची गर्दी पुढच्यांवर आली आणि 39 माणसं गेली. मृतांत बायका जास्त होत्या. कुठून कुठून एसटीने, रेल्वेने, डोक्यावर पिशव्या घेऊन आलेल्या बायका.

उतारावर पूजेच्या साहित्याचं एक दुकान आहे. दुकानदार काकांना विचारलं, त्या दिवसाबद्दल इथे रात्री-बेरात्री काही दिसतं, ऐकू येतं असं कुणी सांगतं का? त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाले, “नाही ओ ताई. कोण सांगणार? ती माणसं कुठं इथली होती?”

हे वाक्य पुढचे सगळे दिवस माझ्या डोक्यात राहिलं.

संध्याकाळी काळाराम मंदिर. काळ्या पाषाणातलं, सरदार रंगराव ओढेकरांनी बांधलेलं. आत्या दर्शनाच्या रांगेत गेली, मी प्राकारातल्या ओवरीत बसले. 2 मार्च 1930 ला या दरवाजांसमोर हजारो दलित स्त्री-पुरुष शांतपणे येऊन उभे राहिले. नेतृत्व बाबासाहेबांचं, सोबत दादासाहेब गायकवाड. दरवाजे बंद केले गेले. त्या वर्षीच्या रामनवमीच्या रथाला दोन्ही बाजूंनी हात लावायचा असं ठरलं होतं, तेही मोडलं आणि दगडफेक झाली. सत्याग्रह पुढे काही वर्षं चालला. 1935 मध्ये याच जिल्ह्यातल्या येवल्याला बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही असं जाहीर केलं. माणसाची सावली पडली तरी विटाळ होतो असं मानणारा समाज भुताला घाबरतो, याचं मला राहून राहून आश्चर्य वाटतं.

शुक्रवार, आनंदवल्ली आणि गंगापूर

सकाळी मिसळ खाऊन गंगापूर रोडला लागलो. आत्याही बरोबर आली. “मी पन्नास वर्षं नाशकात राहते, पण गोपिकाबाई म्हणून कधी गंगापूर बघितलं नाही,” म्हणाली. या रस्त्यावर आता कॉलेजं, हॉटेलं, गृहसंकुलं. आनंदवल्ली शहरातच गडप झालं आहे. पूर्वीचं चौंधस नावाचं गाव, राघोबादादांनी इथे वाडा बांधला आणि आनंदीबाईंवरून गावाला नाव पडलं, असं सांगतात. नदीकाठी नवश्या गणपतीचं देऊळ आहे. राघोबादादा आणि आनंदीबाईंनी मुलासाठी नवस केला, तो फळला म्हणून हे देऊळ, अशी कथा. आम्ही गेलो तेव्हा एक नवी नवरी-नवरा ओटी घेऊन आले होते. त्यांच्यापैकी कुणाच्याही मनात त्या क्षणी ‘ध चा मा’ नव्हता. पुण्यात जिचं नाव घेऊन पोरांना भिववतात, तिच्याच नवसाच्या गणपतीला इथे मूल मागायला येतात.

घाटाच्या पायरीवर बसून मी आत्याला तो दिवस सविस्तर सांगितला. कारण गोष्टीतली रात्र खोटी आहे. 30 ऑगस्ट 1773, भाद्रपद महिना, वाड्यात गणपती बसलेले, आणि वेळ भर दुपारची. गारद्यांचे, म्हणजे भाडोत्री शिपायांचे, पगार थकले होते. सुमेरसिंग, महंमद इसफ, खरगसिंग हे त्यांचे म्होरके. पगार मागायच्या निमित्ताने ते आत घुसले. नारायणराव नुकतेच अठरा पुरे केलेले. ते आधी पार्वतीबाईंकडे, म्हणजे पानिपतावर गेलेल्या सदाशिवरावभाऊंच्या पत्नीकडे धावले, तिथून काकांकडे, म्हणजे राघोबादादांकडे, आणि काकांना मिठी मारली. पुढचं सगळ्यांना माहीत आहे. त्या अर्ध्या तासात दहा-अकरा माणसं कापली गेली. त्यात पेशव्यांना वाचवायला आडवे पडलेले सेवक होते, दासी होत्या. एक गायही मारली गेली.

“दासी?” आत्या म्हणाली. “त्यांचं काही ऐकलं नाही कधी.”

कुणीच ऐकलेलं नाही. शनिवारवाड्यात हाक ऐकू येते ती एकाच माणसाची. बाकीचे नऊ-दहा जण त्याच दुपारी, त्याच तलवारींनी, त्याच चौकात गेले, पण त्यांच्यातल्या कुणाची हाक कुणाला ऐकू येत नाही. मला सरदार चौकातले काका आठवले. भूत व्हायलासुद्धा मागे नाव ठेवणारं घराणं लागतं, असं मला आता वाटू लागलं आहे.

रामशास्त्र्यांनी चौकशी केली, राघोबादादांना दोषी धरलं आणि देहान्त प्रायश्चित्त सांगितलं. ते कधी झालं नाही. दादा पेशवे झाले, मग पळाले, इंग्रजांकडे गेले, आणि 11 डिसेंबर 1783 ला कोपरगावी वारले. आनंदीबाई पदरी मुलं घेऊन राहिल्या. नाना फडणिसांच्या पहाऱ्यात आधी कोपरगाव, मग 1793 पासून इथे आनंदवल्लीला. मार्च 1794 मध्ये त्या गेल्या आणि मुलांना शिवनेरीवर हलवलं. त्यातलाच एक दोन वर्षांनी पेशवा झाला, शेवटचा. आनंदीबाईंच्या हाताने ते अक्षर बदललं की नाही यावर आपण अडीचशे वर्षं भांडतो आहोत. पण थकलेल्या पगारांबद्दल कुणी भांडत नाही. कटाला तलवारी मिळाल्या त्या तिथून. एका दुष्ट बाईवर सगळं टाकलं की गोष्ट चांगली रंगते आणि राज्यकारभार सुटतो.

तिथून पुढे गंगापूर. सोमेश्वरच्या अलीकडे-पलीकडे नदी खडकांतून फुटून उतरते, त्याला इथे दूधसागर म्हणतात. पावसाळा सरत आला होता, पाणी अजून गढूळ आणि जोरात होतं. माधवरावांच्या कारकिर्दीत मायलेकांचं बिनसलं आणि गोपिकाबाई पुणं सोडून या बाजूला येऊन राहिल्या. त्या बाईच्या सालांचा हिशोब मांडा. 14 जानेवारी 1761, थोरला विश्वासराव पानिपतावर. त्याच वर्षी 23 जूनला नवरा, नानासाहेब. 18 नोव्हेंबर 1772, माधवराव क्षयाने थेऊरला. त्यानंतर दहा महिनेही झाले नाहीत तोच नारायणराव. ती बातमी त्यांना कुणी दिली असेल? पुण्याहून निघालेला जासूद, भाद्रपदातल्या चिखलाच्या वाटा, भरलेल्या नद्या. म्हणजे मुलगा गेल्यानंतरही काही दिवस ही आई इथे गणपतीचा प्रसाद खात असणार, सुनेचं काय चाललंय विचारत असणार. मला कुठल्याही किंकाळीपेक्षा ते मधले दिवस भयंकर वाटतात.

सून गंगाबाई तेव्हा गरोदर होती. 18 एप्रिल 1774 ला पुरंदरावर सवाई माधवरावांचा जन्म झाला. नाशिकला सांगतात की गोपिकाबाई पुढे करवंटी घेऊन दारोदार भिक्षा मागत. खरं-खोटं काही असो, त्या वैराग्याने राहत असत हे मात्र सगळेच सांगतात. नातवाने पत्र पाठवून कसं वागावं विचारलं तेव्हा आजीने पहाटे उठण्यापासून सगळ्या दिवसाच्या सूचना लिहून धाडल्या. ज्या आजीचे सगळे मुलगे गेले ती नातवाला वेळेवर जेव, वेळेवर झोप, कुणाचं ऐक, कुणाचं ऐकू नको हे लिहिते आहे. 1788 मध्ये त्या नाशिकला वारल्या. नातू 1795 मध्ये शनिवारवाड्याच्या वरून पडून गेला. ते बघायला त्या नव्हत्या, एवढं एक बरं झालं.

गावात जुन्या वाड्याबद्दल विचारत हिंडलो. एका आजींनी दगडी जोत्याकडे बोट केलं, दुसऱ्यांनी वेगळ्याच दिशेला. दोघींनाही गोपिकाबाई माहीत होत्या. “लई सोसलं त्या बाईनं,” एवढंच त्यातल्या एक जण म्हणाल्या आणि आम्हाला ताक दिलं. भूत वगैरे काही नाही का, असं मी विचारलं तर दोघी हसल्या.

शनिवार, रामशेज

आज आत्याने गुडघ्यांचं कारण सांगून घरी राहणं पसंत केलं. पेठ रोडने चौदा-पंधरा किलोमीटरवर आशेवाडी, तिथून गड चढायला तासभरही लागत नाही. सह्याद्रीतल्या गडांसारखं भोवती रान नाही. उघड्या माळावर एकटा उभा डोंगर. वाटेत गुहेत रामाचं देऊळ, वर पाण्याची टाकी, एक चोरदरवाजा, आणि समोर भोरगडावर हवाई दलाचं रडार.

या एवढ्याशा गडाने 1682 पासून जवळपास साडेपाच वर्षं औरंगजेबाच्या फौजेला थोपवलं. मी इथे आले ते मोगल इतिहासकार खाफीखानाने लिहून ठेवलेल्या एका प्रसंगासाठी. आधी शहाबुद्दीनखानाने वेढा घातला, लाकडी दमदमा उभारला, हल्ले केले, जमलं नाही. मग आला खानजहान बहादूर कोकलताश. त्याचंही जमेना. गडावर धड तोफा नाहीत, लाकडाच्या नळ्यांवर कातडं चढवून त्यातून मारा चाललेला, माणसं मूठभर, तरी गड पडत नाही. तेव्हा छावणीत बोललं जाऊ लागलं की किल्लेदाराला भुतं वश आहेत. मग खानाच्या पागेतल्या एका मोतद्दाराने, म्हणजे घोड्यांची निगा राखणाऱ्याने, सांगितलं, मला मंत्रतंत्र येतं, शंभर तोळ्यांचा सोन्याचा नाग करून द्या, तो हातात धरून मी पुढे चालतो, दरवाजापर्यंत कुणी अडवणार नाही. खानाने नाग करून दिला! मोतद्दार नाग पुढे धरून निघाला, मागे फौज. अर्धी वाट चढला आणि वरून गोफणीचा धोंडा येऊन त्याच्या छातीवर बसला. नाग एकीकडे, मांत्रिक दुसरीकडे.

मी त्या उतारावर उभी राहून खाली पाहिलं. माळ अगदी स्वच्छ दिसतो. खालून कोण येतंय, किती येतंय, कुठे थांबतंय, हातात काय आहे, सगळं. शेतात पाखरं राखणाऱ्या पोराला गोफण शिकवावी लागत नाही. गडावर जे होतं ते एवढंच: अशी पोरं, साठवलेलं पाणी, आणि हटणार नाही म्हणणारा किल्लेदार. पण शाही फौजेच्या सरदाराला बादशहापुढे ‘कुणब्याच्या पोरांनी हाणून पाडलं’ असं कसं लिहिता येईल? भुतं होती म्हटलं की अब्रू राहते. काल मला कळलं की गरिबांच्या मरणाला भूत मिळत नाही. आज कळलं की त्यांच्या पराक्रमाचं मात्र श्रेय भुतांना मिळतं. अखेर गड गेला तो फितुरीने.

उतरताना आशेवाडीतला एक पोरगा बरोबर आला. त्याला म्हटलं, गडावर भुतं होती म्हणे. “होती ना,” तो म्हणाला, “आमचेच पूर्वज होते ते.”

रविवार, त्र्यंबकेश्वर

रविवार आणि पितृपक्ष, म्हणजे गर्दीबद्दल न बोललेलं बरं. मंदिराच्या रांगेत न जाता कुशावर्तावर आणि मग अहिल्या संगमाच्या बाजूला गेले. नारायण नागबली हा तीन दिवसांचा विधी इथला. अकाली गेलेल्या, अपघाताने, आत्महत्येने गेलेल्या माणसासाठी करतात. गव्हाच्या पिठाचा पुतळा करून त्यावर अंत्यसंस्कार होतात. नवं पांढरं धोतर, नव्या पांढऱ्या साड्या, ओल्या केसांनी थरथरत बसलेली कुटुंबं.

पायरीवर परभणीकडचे एक भाऊ शेजारी बसले. धाकट्या भावासाठी आले होते. “औषध पिऊन गेला,” ते म्हणाले. आमच्याकडे औषध पिणं म्हणजे काय ते वेगळं सांगावं लागत नाही. कापूस गेला, सोसायटीचं थकलं, मग सावकार. घरातल्या बायकांना तो दिसतो म्हणून मांत्रिक झाला, दर्गा झाला, आता इथे. मी विचारलं, दिसतो म्हणजे काय करतो तो? मला भयकथा वाचायची सवय, म्हणून असले प्रश्न सुचतात.

“करत काहीच नाही. गोठ्यात उभा राहतो. बैल विकले ना आम्ही त्याच्या माघारी.”

एवढं बोलून ते उठून गेले, कारण गुरुजींनी हाक मारली. मी आजवर वाचलेल्या कुठल्याही कथेतलं भूत इतक्या रास्त कारणासाठी आलेलं नाही. त्याला कुणाचा सूड घ्यायचा नव्हता. जे गेलं ते बघायला तो येत होता. विधीला किती खर्च आला हे मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं असंही वाटत नाही. पण त्या तीन दिवसांत त्याचं नाव, गोत्र घेऊन सगळं घर एकत्र बसून रडलं, हे मी पाहिलं, आणि गावात पंचनाम्याच्या कागदावर त्याचं जे काही लिहिलं गेलं असेल त्याहून हे बरं होतं.

रात्री जेवताना आत्याला सांगितलं. तिने घास ठेवून दिला. मग तिच्या सासरच्या गावच्या हडळीची गोष्ट निघाली. विहिरीवरची, मोकळ्या केसांची. “कोण होती ती?” मी विचारलं. आत्या म्हणाली, “बाळंतपणात गेलेली कुणीतरी. बाळंतपणात गेलेली बाई हडळच होते म्हणायचे.” नाव? नाव माहीत नाही. आपल्याकडच्या भुतांच्या जाती बघितल्या तर त्या मरणांच्याच जाती आहेत. मुंज झालेला आणि लग्नाआधी गेलेला मुलगा मुंजा, बाळंतीण गेली तर हडळ. घरोघर बायका अशा जायच्या. एक-दोन असत्या तर नावं टिकली असती.

सोमवार, जुनं नाशिक

शेवटच्या दिवसासाठी विजयानंद थिएटर ठेवलं होतं. 21 डिसेंबर 1909 च्या रात्री इथे किर्लोस्कर मंडळींचा ‘संगीत शारदा’चा प्रयोग होता. बदली होऊन चाललेला नाशिकचा कलेक्टर जॅक्सन त्या प्रयोगाला आला. अनंत लक्ष्मण कान्हेरे या औरंगाबादला शिकणाऱ्या, मूळ रत्नागिरी जिल्ह्यातल्या आयनीच्या कोवळ्या पोराने त्याच्यावर गोळ्या झाडल्या. बाबाराव सावरकरांना काळ्या पाण्याची शिक्षा झाली होती, तो राग. कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना 19 एप्रिल 1910 ला ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिलं. कान्हेरे तेव्हा अठरा वर्षांचे. नारायणरावांच्याच वयाचे. त्यांचं भूत झालं नाही, कारण त्यांच्या नावाचं मैदान झालं. नाशिकची पोरं हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानावर क्रिकेट खेळतात.

जॅक्सनबद्दल मात्र एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. त्याला संस्कृत येत होतं, लोक त्याला पंडित जॅक्सन म्हणत, हे शाळेत असतं. त्याचा दुसरा नाद होता लोककथांचा. खेड्यापाड्यातल्या शाळामास्तरांकडून त्याने देवदेवस्की, नवस, नजर लागणं आणि भुतंखेतं यांची माहिती मागवून गोळा केली होती. तो मारला गेल्यावर एन्थोव्हेन नावाच्या अधिकाऱ्याने ती सामग्री लावून दोन खंड काढले, गुजरातचा 1914 मध्ये आणि कोकणचा 1915 मध्ये. कोकणच्या खंडात वेताळ, समंध, देवचार, मुंजा, खवीस, गिऱ्हा, झोटिंग, जखीण, लावसट, हडळ अशी सगळी मंडळी आहेत. आपली भुतं ज्याने इतक्या निगुतीने टिपून ठेवली, तोच माणूस परक्या सत्तेचा कलेक्टर म्हणून या गल्लीत मेला, आणि मारणारा मुलगा त्याच भुतांच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या कोकणातला. कान्हेरेंबद्दलचा माझा आदर याने कमी होत नाही. पण हे दोन्ही एका वेळी मनात धरून त्या गल्लीतून चालणं सोपं गेलं नाही.

दुपारच्या एसटीआधी पुन्हा सरदार चौकात गेले. 2027 च्या सिंहस्थाची कामं शहरभर निघाली आहेत, खणलेले रस्ते, नवे घाट, गर्दीचे आराखडे. 2015 चा सिंहस्थ असल्या अनर्थाविना पार पडला, याचं श्रेय यंत्रणेला द्यायलाच हवं. पण 2003 मध्ये गेलेल्या त्या 39 जणांची नावं लिहिलेली पाटी मला या उतारावर कुठे दिसली नाही. पूजेच्या दुकानातल्या काकांना विचारलं, लावली तर चालेल का तुमच्या भिंतीवर? ते म्हणाले, “भिंत माझीच आहे. खुशाल लावा.”

आत्या 1840 पासून चालत आलेल्या सार्वजनिक वाचनालयाची जुनी सभासद आहे. ऑगस्ट 2003 ची वर्तमानपत्रं कुठे मिळतील ते ती बघणार आहे. नावं हाती आली की महापालिकेला पत्र जाईल. मजकूर मी लिहिणार, पहिली सही आत्याची, दुसरी काकांची.